प्याल्यातला वास

शनिवारी संध्याकाळी बाटलीचे झाकण फिरवले तेव्हा ते फुस्स करून हातातून उडाले, आणि शांतवन गुरुजींना जे कळायचे ते तिथेच कळले. ‘मला ठाऊक नव्हते’ असे नंतर म्हणता येण्याची सोय त्या आवाजाने ठेवली नाही.

बाटलीत दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनाचा द्राक्षरस होता. गुजरातेत दारूबंदी, आणि पांडेसऱ्याच्या गिरणवस्तीतल्या या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचा स्वतःचा नियम त्याहून कडक. त्यामुळे इथला द्राक्षरस म्हणजे काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, उकळून, फडक्यातून गाळलेले पाणी. हे काम गुरुजींच्या पत्नी करुणाबाई करीत. त्या गेल्यावर मंडळीने ते गुरुजींकडे सोपवले. महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेला, पुस्तकात नाक खुपसून बसणारा, बोलता बोलता स्वतःच्याच वाक्याची शंका येऊन थांबणारा हा माणूस; त्याच्याकडून दुसरे कोणते काम करून घेणार? गुरुजींना मात्र या कामाचा अभिमान होता. तो अभिमान आहे हे स्वतःशी कबूल करायचीही त्यांना भीती वाटे.

या खेपेला पाळक बन्सीलाल यांच्या घरी नवापूरला मयत झाले आणि प्रभुभोजन आठवडाभर पुढे गेले. रस तर होऊन बसला होता. त्यातही या वेळी गुरुजींनी तो नीट उकळला नव्हता. शेगडीशेजारी पुस्तक उघडे होते, बुडबुडे दिसताच त्यांनी गॅस बंद केला. आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, ती ठेवली पुस्तकांच्या मांडणीवर. दिवस मे महिन्याचे.

“गुरुजी, काय आंबवी राहिले?” शेजारच्या सरलाबाईंनी दारातूनच विचारले. अमळनेरकडच्या, नवरा लूमवर कामाला, आणि गुरुजींच्या घरात काय शिजते यावर त्यांची करुणाबाईंच्या वेळेपासूनची देखरेख.

“काही नाही. चर्चचा रस आहे.”

“रस? मले तर दुसराच वास येऊ राहिला. फेका ते मोरीत. पोलीस आले तर म्हणू नका, सरलाबाईनं सांगितलं नाही.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत त्या निघून गेल्या.

गुरुजींनी चमचाभर रस जिभेवर ठेवला. जीभ चुरचुरली. घशात ऊब उतरली. बाजार अजून उघडा होता. मनुका आणता आल्या असत्या, सकाळपर्यंत जेमतेम भिजल्या असत्या. नाहीतर पाळकांना फोन करून ‘रस बिघडला, दुकानातले सरबत आणा’ एवढेच सांगायचे. पण मग उद्या कोणीतरी म्हणाले असते, ‘करुणाबाई असत्या तर असं झालं नसतं.’ मंडळीतल्या भाईदासची बायको ज्योती नक्कीच म्हणाली असती, आणि मायेने म्हणाली असती. त्या एका वाक्याच्या भीतीने गुरुजींनी बाटलीत साखर घातली, थोडे पाणी घातले, ढवळले आणि झाकण घट्ट लावले.

मंडळी भरते ती एका भरतकामाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. रविवारी खालची मशिने बंद असतात, म्हणून वरचे गाणे ऐकू येते. पाळकांनी नेहमीप्रमाणे प्रभुभोजनाच्या मेजाआधीची ताकीद दिली: ज्याने त्याने स्वतःला तपासावे, मनात पाप झाकून या प्याल्याला हात लावू नये, लावला तर ते त्याच्याच अंगावर येते. मग भाकर फिरली. मग चिमुकल्या प्याल्यांचा ट्रे.

या मंडळीत एक रीत आहे. प्याला हातात धरून सगळे थांबतात, एकदम पितात, आणि रसाच्या चवीबद्दल कोणी कधी बोलत नाही. मेजावरच्या वस्तूला गोड-आंबट म्हणायचे नसते. करुणाबाईंनी एकदा घाईत मीठ पडलेला रस नेला होता, तेव्हासुद्धा सगळे डोळे मिटून प्यायले आणि घरी गेले.

गुरुजी प्यायले. छातीपर्यंत ऊब गेली. त्यांनी चोरून इकडेतिकडे पाहिले. ज्योतीचे डोळे मिटलेले. भाईदासने मिशीवरून हात फिरवला. पुढच्या रांगेत योगराज गावित रिकाम्या प्याल्यात पाहत बसला होता. त्याने ईस्टरला बाप्तिस्मा घेतला होता. ट्रे परत आला तरी त्याने प्याला ठेवला नाही. शेवटी त्याच्या बायकोने, वर्षाने, तो त्याच्या बोटांतून काढून घेतला.

उपासना संपल्यावर कोणी काही बोलले नाही. गुरुजींनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आभार कशाबद्दल मानतो आहोत याचा विचार त्यांनी मुद्दाम केला नाही.

मंगळवारी वर्षा दारात आली. आत ये म्हटले तरी उंबऱ्यावरच उभी राहिली.

“गुरुजी, तुम्ही ह्यांना जरा समजवा. रविवारपासून मिलमध्ये गेले नाहीत. जेवत नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडतात.”

“ताप आहे का?”

“ताप असता तर डॉक्टरकडं नेलं असतं.” तिने पदर तोंडाशी धरला. “म्हणतात, मला प्याल्यात पोटलीचा वास आला.”

पोटली म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीतली गावठी. बंदी असूनही ती कुठे मिळते हे पांडेसऱ्यात शाळकरी पोरांनाही माहीत असते. योगराजने तिच्यापायी आधीच्या मिलमधली कापड रंगवण्याची चांगली जागा घालवली होती, आणि वर्षा पोरीला घेऊन नवापूरला माहेरी जाऊन राहिली होती. त्याची दारू सुटली ती भाईदासच्या मागे लागण्याने आणि मंडळीच्या प्रार्थनेने. असे योगराज स्वतः उभा राहून सगळ्यांसमोर सांगे.

“ते म्हणतात,” वर्षा म्हणाली, “सगळ्यांना प्रभूचं रक्त मिळालं. माझ्या तोंडात गेल्यावर त्याची दारू झाली.”

गुरुजींनी पुस्तकांच्या मांडणीकडे पाहिले.

“तुम्ही एवढं वाचलंय. पुस्तकातलं काहीतरी सांगा ना त्यांना. पाळकसाहेबांसमोर ते यायलाच तयार नाहीत.”

“मी येतो,” गुरुजी म्हणाले. “आत्ताच येतो.”

वाटभर ते एकच वाक्य मनात घोळवत होते. ‘योगराज, चूक तुझी नाही, माझी आहे.’ पानाच्या टपरीपाशी त्यांना ते नाटकी वाटले. ‘योगराज, रस खराब झाला होता’ असे केले. त्यात ‘मी’ कुठेच नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा पहिले वाक्य घेतले. खोलीच्या दारात पोचेपर्यंत वाक्य तयार होते.

योगराज खाटेवरून उठला आणि गुरुजींसाठी जागा करून खाली बसला. नखांत निळा रंग अजून तसाच. गालाची हाडे वर आली होती.

“एवढ्या उन्हात कशाला आलात गुरुजी? मीच आलो असतो.”

“वर्षा म्हणाली…”

“तिनं सांगितलं असेल सगळं.” त्याने मान खाली घातली. “तुम्ही वाचणारे माणूस. मला एवढंच सांगा, असं कोणाचं झालंय का आजपर्यंत? मेजापाशी बसून असा वास येणं?”

आणि गुरुजींचे वाक्य तिथेच राहिले. ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात आहे असा प्रश्न त्यांना कोणी क्वचितच विचारी. ते बोलू लागले. मोठमोठ्या भक्तांच्या आयुष्यातही कोरडे दिवस येतात. मोह माणसाला बाजारात कमी आणि देवाच्या दाराशी जास्त गाठतो. शंका म्हणजे विश्वासाचा शत्रू नव्हे, उजेडात उभे राहिले की सावली पडणारच. बोलताना त्यांना स्वतःच्या आवाजाचे नवल वाटत होते. तो कुठे अडखळत नव्हता. वर्षा दाराशी बसून डोळे पुसत होती. हे सगळे खरे होते, निदान पुस्तकात खरे होते, आणि इथे त्यातला शब्दन्‌शब्द खोटा होता.

योगराजने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, “एक विचारू? रागावणार नाही?”

“विचार.”

“तुम्हाला कसा लागला? रविवारचा.”

ज्याची चव विचारायची नसते त्याची चव त्याने विचारली होती. वर्षाही पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता की गुरुजींना त्याच्याकडे बघवेना.

“गोड,” गुरुजी म्हणाले. “नेहमीसारखा.”

योगराजने दोनदा मान हलवली. नापास होणार हे आधीच ठाऊक असलेले पोर निकाल ऐकून हलवते तशी. “मग माझंच,” तो म्हणाला. “बरं झालं विचारलं. मनात एक येत होतं, की… जाऊ द्या. तुमच्यासारख्या माणसावर संशय घेतला मी.”

वर्षाने चहा आणला. गुरुजी तो प्यायले.

त्या दिवसापासून गुरुजींना वाचता येईना. पुस्तक उघडले की ओळींतून त्यांचाच तो अस्खलित आवाज ऐकू येई. मग ते स्वतःला कारणे सांगत. हे बाहेर फुटले तर? चर्चमध्ये दारू वाटतात अशी आवई उठायला या गावात कितीसा वेळ लागेल? मालक हॉल काढून घेईल. पाळकांना त्रास होईल. गरिबांची मंडळी उघड्यावर येईल. कारणे सगळी रास्त होती, सगळी दुसऱ्यांच्या भल्याची होती, आणि प्रत्येक कारणामागे गुरुजींना लपण्यापुरती जागा होती.

गुरुवारी भाजीच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, भाईदास भेटला. भाईदास योगराजच्याच मिलमध्ये, मंडळीचा पंच, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठे.

“गुरुजी, तुमच्या शिष्याला काल कुठं पाहिलं माहीत आहे का? पोटलीच्या गल्लीत.”

गुरुजींच्या हातातली मेथी तशीच राहिली. “प्यायला?”

“प्यायला असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. पिशवी विकत घेतली, कोपरा फाडला, आणि नुसता हुंगत उभा. मी म्हटलं, काय रे योग्या, आता नाकानं पितोस का? तर म्हणतो, भाईदासभाऊ, तोच वास होता का बघतोय. तोच आहे. आता एक घोट घेतला म्हणजे पक्कं कळेल.” भाईदासने आवाज खाली आणला. “हातातून ओढून गटारात ओतली मी. पण रोज मी असणार आहे का तिथं? त्याला वाटतंय, आतून आपण तेच आहोत, मग वरून कशाला सोंग करायचं. एकदा हे डोक्यात बसलं ना गुरुजी, की मग माणूस सुटतो हातातून.”

“होय,” गुरुजी म्हणाले.

“उद्या माझ्याकडं घरसभा. त्याला घेऊन येतो. तो सगळ्यांपुढं कबुली देणार म्हणतोय. तुम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा. तुम्हाला लई मानतो तो.” भाईदास थोडा घुटमळला. “तसा…”

“काय?”

“काही नाही. मेथी द्या इकडं, पिवळी घेतलीत तुम्ही.”

शुक्रवारी भाईदासच्या खोलीत चटया टाकल्या होत्या. पंखा फुल्ल सोडूनही घाम थांबत नव्हता. पाळक बारडोलीकडच्या ऊसतोडीच्या वस्तीवर गेले होते, त्यामुळे वयाने मोठे म्हणून सभा गुरुजींकडेच आली. एक गाणे झाले. ज्योतीने पोरांना बाहेर पिटाळले. मग योगराज उठून मध्ये आला आणि गुडघ्यांवर बसला.

“मला बोलता येत नाही,” त्याने सुरुवात केली. “मी सगळ्यांना सांगितलं होतं की प्रभूनं माझी दारू सोडवली. ते खोटं निघालं. रविवारी मेजावर माझ्या तोंडात दारूच आली. बाकी कोणाला आली नाही. गुरुजींना विचारलं मी, त्यांना गोड लागला. म्हणजे माझ्या आतच ती आहे. बुधवारी मी पोटली घेतली. भाऊनं ओतली म्हणून वाचलो. उद्याचं सांगता येत नाही.” त्याने वर्षाकडे पाहिले नाही. “तिला मी काल म्हटलं, तू पोरीला घेऊन नवापूरला जा परत. मी पडायच्या आधी जा. तुम्ही लोकांनी माझ्यासाठी लई केलं. मला माफ करा.”

वर्षाने गुडघ्यात तोंड घातले. खोलीत कोणी हुंदका दिला. भाईदास भिंतीकडे पाहत होता.

“गुरुजी,” ज्योती हळूच म्हणाली, “प्रार्थना करा.”

गुरुजी उठले. योगराजच्या डोक्यावर हात ठेवला. केस घामाने ओले होते आणि कातडीची ऊब हाताला लागत होती. “हे दयाळू पित्या,” त्यांनी सुरुवात केली. पुढचे शब्द त्यांना माहीत होते, ते वर्षानुवर्षे आपोआप येत. ‘या तुझ्या पडलेल्या लेकराला.’ ते शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथून पुढे जाईनात. या माणसाला पडलेला म्हणायचे, आणि तेही देवाला उद्देशून.

त्यांनी हात काढून घेतला.

“दारूच होती,” ते म्हणाले.

कोणाला नीट कळले नाही. “काय गुरुजी?” ज्योतीने विचारले.

“रविवारच्या रसात. तो आंबला होता. बाटली मी बाहेर ठेवली, नीट उकळलाही नव्हता. शनिवारी उघडली तेव्हाच मला कळलं. मी साखर घालून आणला.” आवाज चिरकत होता, पण आता थांबणे शक्य नव्हते. “योगराज, तुला आला तो वास खरा होता. मलाही आला. मी तुला गोड म्हणालो, ते खोटं बोललो.”

योगराजने मान वर केली.

आणि मग भाईदासने कपाळावर हात मारला. “अरे देवा! मलाही लागली होती ना!”

“तुम्हाला?” ज्योती फिरली.

“घसा गरम झाला की माझा! मला वाटलं, बारा वर्षं झाली सोडून, तरी अजून जात नाही आपल्यातून. तीन दिवस झोपलो नाही मी. तुला सांगितलं, पित्त झालंय म्हणून.”

“आणि मी ओव्याचं पाणी करून देत होते!”

मागे बसलेला महेश दबक्या आवाजात म्हणाला, “मलापण जरा कडक लागला होता. मी म्हटलं, मेजाबद्दल बोलायचं नसतं.”

कोणीतरी हसले. हसू खोलीभर पसरले, तोंडावर हात धरलेले, सुटकेचे, थोडे लाजेचे. गुरुजींना त्या हसण्यात सामील व्हावेसे फार वाटले. प्रकरण तिथे मिटले असते. ज्योती तर म्हणालीही, “जाऊ द्या हो, म्हाताऱ्या माणसाच्या हातून होतं असं.”

योगराज हसत नव्हता. तो उभा राहिला होता.

“माझ्या घरी आला होतात तुम्ही,” तो म्हणाला.

“हो.”

“माझ्या खाटेवर बसून एवढं सगळं सांगितलंत. सावलीचं. उजेडाचं.”

“हो.”

“मी विचारलं तुम्हाला. तोंडावर विचारलं.” त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे खोलीतले हसू आपोआप थांबले. “मी हिला घराबाहेर काढत होतो गुरुजी. पिशवी तोंडापर्यंत नेली होती. आणि तुम्हाला माहीत होतं.”

“योग्या, म्हातारं माणूस…” भाईदास मध्ये पडला.

“भाऊ, तू गप. तूपण गप्पच होतास ना? तसाच राहा.”

गुरुजींना सांगायचे होते की मला लाज वाटली, एवढ्याशा गोष्टीची लाज वाटली, कोणी करुणाचे नाव काढील म्हणून. पण हेसुद्धा पुन्हा एक कारणच झाले असते. ते काही बोलले नाहीत. आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्या गप्प बसण्यावर शंका आली नाही.

वर्षा उठून नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली होती. ती गुरुजींकडे पाहत होती. मंगळवारी तिच्या चेहऱ्यावर जे होते ते आता नव्हते. त्याजागी काय आले आहे हे गुरुजींना वाचता येईना.

“प्रार्थना राहिली,” ज्योती कोणाकडेही न पाहता म्हणाली. सभा प्रार्थनेविना उठत नाही.

“भाईदास, तू कर,” गुरुजी म्हणाले. “माझा अधिकार नाही.”

“नाही,” योगराज म्हणाला. “तुम्हीच करा.”

“योगराज, मी कोणत्या तोंडानं…”

“त्याच तोंडानं. तुम्हीच करा. फक्त मी डोळे मिटणार नाही. मी बघत राहणार.”

तो त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला. बाकीच्यांनी सवयीने माना खाली घातल्या. गुरुजींनीही डोळे मिटायला घेतले, पण समोरचा माणूस उघड्या डोळ्यांनी उभा असताना मिटवेनात. म्हणून त्यांनी योगराजच्या चेहऱ्याकडे पाहतच देवाशी बोलायला सुरुवात केली. तसे त्यांनी कधी केले नव्हते. कुठे पाहून बोलतो आहोत हेच त्यांना कळेना.

“प्रभू,” ते म्हणाले, “मी खोटं बोललो. ह्याच्याशी.”

पुढचे येईना. दयाळू पिता, करुणेचा सागर, आजवर जे जे आपोआप येत होते त्यातले एकही अक्षर जवळ फिरकले नाही.

“हा स्वतःहून दारू प्यायला नाही,” ते म्हणाले. “मी पाजली. तरी तो पुन्हा प्यायला नाही. एवढं तू पाहिलं असशील. मला ते दिसलं नव्हतं.”

योगराजची नजर हलली नाही. गुरुजींच्या चष्म्याच्या काचेवर ओल आली होती. ती पुसायला हात वर न्यायचेही त्यांना सुचले नाही.

“मला दुसरं काही मागता येत नाही,” ते म्हणाले. “आमेन.”

सगळे आमेन म्हणाले. योगराज म्हणाला नाही. तो वर्षाकडे वळला.

“रात्रपाळीला जातो,” तो म्हणाला. “डबा करशील?”

“करते,” वर्षा म्हणाली.

दोघे चपला शोधू लागले. दारापाशी चपलांचा ढीग होता आणि गुरुजी नेमके त्याच्याजवळ उभे होते. योगराज वाकला, ढिगातून आपल्या चपला काढल्या, आणि सरळ होताना गुरुजींकडे न पाहता म्हणाला, “बाजूला व्हा जरा.”

गुरुजी बाजूला झाले.